मुलींसाठी ऑलिंपियाडचा सराव : सुरुवात खोडरबर बाजूला ठेवून

आठवी-नववीतल्या सहा-आठ मुलींचा गट करून गणित ऑलिंपियाडचा सराव घ्यायचा असेल, तर पहिला महिनाभर घड्याळ आणि खोडरबर या दोन्ही वस्तू वर्गाबाहेर ठेवाव्यात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेगाची सवय झालेल्या मुली उत्तर जमत नाही असे दिसताच लिहिलेले सगळे पुसून टाकतात, आणि पुष्कळदा त्या पुसलेल्या ओळींतच गणिताची उकल दडलेली असते. चुकलेल्या ओळीवर फक्त एक आडवी रेघ मारावी, म्हणजे ती वाचता येते.

पहिल्या दिवशी एकच गणित द्यावे: १ ते २० मधील कोणत्याही ११ संख्या निवडल्या, तर त्यांत दोन क्रमागत संख्या असतातच, हे सिद्ध करा. बहुतेक जणी १, ३, ५ करत १९ पर्यंतच्या दहा विषम संख्या लिहितात आणि अकरावीला अडतात. हे एक उदाहरण झाले, सिद्धता नव्हे. तरीही ‘चूक’ असे न म्हणता ‘दहालाच का अडलीस?’ एवढेच विचारावे आणि गप्प बसावे, जे शिक्षकांना सर्वांत जड जाते. कुणीतरी (१,२), (३,४) अशा दहा जोड्या पाडते, आणि अकरा संख्या दहा जोड्यांत बसवताना एक जोडी पूर्ण भरणारच, हे तिचे तिलाच दिसते. मग फळ्यावर तिनेच मांडावे आणि शंका इतर मुलींनी विचाराव्यात.

२०१२ साली सुरू झालेल्या युरोपीय मुलींच्या गणित ऑलिंपियाडमध्ये भारताचा चार जणींचा संघ २०१५ पासून उतरतो. तिथे दोन दिवस रोज साडेचार तासांत तीनच गणिते असतात, प्रत्येकी सात गुणांची, आणि अपुऱ्या पण योग्य दिशेच्या उत्तरालाही गुण मिळू शकतात. वर्गातही तपासणी सातांपैकीच करावी, आणि ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी दोन गुण नेमक्या कोणत्या ओळीला दिले ते वहीत लिहावे.

भारताचा ऑलिंपियाड संघ निवडण्याची पहिली चाळणी असलेल्या आयओक्यूएम या परीक्षेत मात्र तीन तासांत ३० प्रश्न असतात आणि फक्त अंतिम उत्तर तपासले जाते, त्यामुळे शेवटचे दोन महिने घड्याळ परत आणावेच लागते. वर्ग शाळा सुटल्यावर लगेच भरवावा. उशिराच्या शिकवणीतून मुली गळतात, त्याचे कारण बहुधा गणित नसते.