थंडीची लाट आणि द्राक्षबाग : पारा बागेतच मोजावा

उत्तरेकडील पश्चिमी झंझावात पुढे सरकला, आभाळ निवळले आणि संध्याकाळी वारा पडला, की नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातील द्राक्ष बागायतदाराने बाकीची कामे बाजूला ठेवावीत आणि बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, घडांच्या उंचीला, एक तापमापक बांधून यावे. थंडीने तडकलेले मणी पाहण्यासाठी मी अनेक हंगामांत बागांमधून फिरलो आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकले आहे : "मोबाइलवर तर ९ दाखवत होते." घराच्या ओट्यावर ११ होते, असेही पुष्कळ जण सांगतात. बागेत किती होते, हे मात्र सहसा कोणालाच सांगता येत नाही, कारण बागेत तापमापकच नसतो.

मोबाइलवरचे ९, ओट्यावरचे ११ आणि बागेतले ५ हे तिन्ही आकडे एकाच पहाटेचे आणि आपापल्या जागी बरोबर असू शकतात. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या गवताळ जागी ठेवलेला असतो. वाचन घेताना ऊन आत शिरू नये म्हणून त्या पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, आणि रात्रीचे किमान तापमान सकाळी ८.३० वाजता नोंदवले जाते. मोबाइलवर दिसणारा आकडा तर बहुधा कोणी मोजलेलाच नसतो. संगणकाने काही किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो. खात्याचे जागतिक प्रतिमान, म्हणजे अंदाज काढणारी संगणकीय आकडेमोड, बरीच वर्षे सुमारे १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालत होते आणि मे २०२५ मध्ये सुमारे ६ किलोमीटरच्या चौकोनांची भारत पूर्वानुमान प्रणाली आली. सुधारणा मोठीच आहे, परंतु ६ किलोमीटरच्या चौकोनातही माळ, गावठाण, कालवा, ओढा आणि ओढ्याकाठची तुमची बाग हे सारे एकाच आकड्यात बसवावे लागते. राज्यातील महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत आणि त्यांची नोंद प्रत्यक्ष मोजलेली असते, म्हणून ती जरूर पाहावी. तरीही ते केंद्र कोठे उभे आहे, माळावर की खोलगट भागात, हे एकदा स्वतः जाऊन पाहून यावे.

घरचा तापमापक दोन्ही वेळा चुकवतो, आणि त्यांतील एक चूक फार महागात पडते. दिवसा तो पत्र्याच्या शेडखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर असला तर हवेपेक्षा कितीतरी जास्त आकडा दाखवतो. रात्री तीच भिंत दिवसभर साठवलेली ऊब सोडत राहते, वरचा पत्रा किंवा स्लॅब त्याला उघड्या आभाळापासून झाकतो, आणि पारा बागेपेक्षा तीन-चार अंश वर थांबतो. दिवसाच्या चुकीने माणूस घाबरतो, फार तर एखादी फवारणी लांबवतो. रात्रीच्या चुकीने तो निश्चिंत झोपतो आणि सकाळी बागेत गेल्यावर पानांवर गोठलेले दव पाहतो.

निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडतात, त्यांना टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन सखल भागात साचते. अशा रात्री उंचावर ऊब आणि खाली गारठा, अशी उलटी उतरंड तयार होते. उंची वाढली की तापमान उतरते, हा नियम अशा पहाटे उलटलेला दिसतो : गोदावरी नाशिककडून निफाडकडे वाहते, म्हणजे निफाड सखल आहे, आणि तरीही पहाटे गारठते ते निफाडच. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तेथील पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. नाशिक शहराचा आकडा सिमेंट-डांबराच्या उबेने आणखी वर राहतो, त्यामुळे बातमीतील 'नाशिक' पाहून निफाडजवळच्या कादवा नदीकाठच्या बागेचा निर्णय घेऊ नये. शिवाय पानाचे स्वतःचे तापमान अशा रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही एक-दोन अंश खाली जाते, हे वेगळेच.

माझा एक ठोकताळा आहे, त्याला कोणत्याही विद्यापीठाची शिफारस नाही. दिवेलागणीनंतर चुलीचा धूर सरळ वर न जाता जमिनीलगत आडवा पसरून राहिला, तर त्या रात्री उलटी उतरंड बसली असे समजावे. दुसरा असा, की रात्री दुचाकीवरून ओढा ओलांडताना जेथे पायांना एकदम गारवा लागतो, त्याच पातळीतील बागा पहाटे सर्वांत आधी मार खातात. रात्री ९ ला बागेत १२ अंश असून आभाळ स्वच्छ आणि वारा बंद असेल, तर पहाटेपर्यंत आणखी पाच-सहा अंश उतरतील असे मी धरून चालतो. ढग आले किंवा वारा सुटला तर हा हिशेब मोडतो.

तापमापक साधा, अल्कोहोलचा, काही शे रुपयांत मिळणारा पुरतो; कमाल-किमान नोंद ठेवणारा मिळाला तर पहाटे उठण्याची सक्ती राहत नाही. विकत आणल्याबरोबर त्याची परीक्षा घ्यावी. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा भरून तो जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालावे, ढवळावे, त्यात तापमापकाचा फुगा दहा मिनिटे बुडवून ठेवावा आणि आकडा पाहावा. तो शून्य असला पाहिजे. दीड अंश दाखवत असेल तर तापमापक फेकण्याची गरज नाही, दांडीवर '१.५ वजा' असे लिहून ठेवावे. डिजिटल असेल तर तो घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडवावा. बागेत तो लोखंडी अँगलला टेकवू नये. सुतळीने मोकळा टांगावा. दिवसाचेही वाचन हवे असेल तर चार-पाच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या बोटभर अंतराने एकावर एक पालथ्या बसवून, मधल्या ताटल्यांना भोक पाडून आत तापमापक ठेवावा. ऊन लागत नाही आणि हवा खेळती राहते. कांद्याच्या रोपवाटिकेत मात्र तो वीतभर उंचीलाच हवा, कारण तेथे जमिनीलगतचा गारठा घडांच्या उंचीवरील गारठ्यापेक्षा जास्त असतो.

अशा आठवड्यातच खते-औषधे विकणाऱ्या निविष्ठा विक्रेत्याकडून 'थंडी सोसणारे' टॉनिक लिटरमागे हजार-बाराशे रुपयांना पुढे केले जाते. एका वर्षी मी स्वतःही ते घेतले होते; फवारलेली आणि न फवारलेली ओळ सारखीच तडकली. ज्याला आपल्या बागेत रात्री किती अंश होते हे माहीत नाही, त्याला टॉनिकचा उपयोग झाला की थंडीच कमी पडली, हेही कळणार नाही, आणि विक्रेत्याचे काम नेमके यावरच चालते. चाळीस-पन्नास हजारांचे खासगी हवामान यंत्र घेणाऱ्यांनीही ते बंगल्याच्या गच्चीवर बसवले असेल, तर त्याची किंमत ओट्यावरच्या तापमापकाएवढीच धरावी.

बागेतील पारा ८ च्या खाली जाण्याची चिन्हे असतील तर पाणी हाच पहिला उपाय आहे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवून रात्री सोडते. फीडरला थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत असेल तर पहाटेच्या आधी हलके पाणी द्यावे. दिवसाच्या पाळीत असेल तर दुपारीच जमीन ओली करून ठेवावी. थंडीच्या लाटेत बोदावर (वेलींच्या ओळीतील मातीच्या उंच वरंब्यावर) रोटर किंवा कोळपे चालवू नये, कारण सुटी, कोरडी माती खालची ऊब वर येऊ देत नाही. उसाच्या पाचटाचे आच्छादन मुळांना चांगले असले, तरी त्यावरील हवा अशा रात्री अधिक गार राहते. म्हणून आच्छादनाच्या बागेत तापमापकावर जास्त लक्ष असावे. शेकोट्या पेटवायच्या तर एक मोठा जाळ करण्यापेक्षा लहान लहान पुष्कळ कराव्यात; मोठा जाळ गरम हवा वरच्या वर उडवून देतो. धुराने थंडी अडत नाही, उबेने आणि हवा हलल्याने थोडी कमी होते. टायर किंवा प्लॅस्टिक जाळू नये.

भुरी या बुरशीजन्य रोगासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात वापरतानाही आकडा बागेतलाच हवा. गंधक गारठ्यात फारसे काम करत नाही आणि ३२-३५ अंशांच्या वर पाने व मणी भाजते. पत्र्याखालचा ३६ पाहून फवारणी रद्द करणारे आणि त्याच आठवड्यात भुरी वाढवून घेणारे बागायतदार मी पाहिले आहेत. पानांच्या सावलीत त्या वेळी २९ होते.

नेहमीची कामे :
- द्राक्ष : विरळणी पूर्ण करणे, मण्यांत पाणी उतरण्याच्या (ते मऊ पडू लागण्याच्या) आधी, पिंक बेरी म्हणजे मणी गुलाबी पडणे टाळण्यासाठी घडांना कागद लावणे, वांझ फुटी काढणे.
- रब्बी कांदा : पुनर्लागवड १५ × १० सेंमीवर.
- गहू : पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना पाणी.
- हरभरा : घाटे अळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे), पक्ष्यांना बसायला पक्षी थांबे.

हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. तो वाचून टाकून देऊ नये. वहीत तीन रकाने आखावेत : अंदाजातील किमान, ओट्यावरचे किमान, बागेतले किमान. आभाळ स्वच्छ होते की ढगाळ आणि वारा होता की नव्हता, हे शेजारी लिहावे. दहा-बारा निरभ्र रात्रींच्या नोंदी झाल्या की अंदाजात आणि आपल्या सखल कोपऱ्यात नेमका किती अंशांचा फरक पडतो ते ध्यानात येते, आणि तेवढे अंश पुढच्या अंदाजातून वजा करून रात्री कोणाला उठवायचे ते संध्याकाळीच ठरवता येते. ढगाळ रात्रींच्या नोंदी या हिशेबात मिसळू नयेत, कारण त्या रात्री तिन्ही आकडे जवळजवळ येतात.