नैरोबीत नव्याने आलात? रविवार, प्रार्थना आणि मयत यांबद्दल

घर कुठे घ्यावं, मुलांना कोणत्या शाळेत घालावं, पार्कलँड्समध्ये चांगले पोहे कुठे मिळतात, अंधार पडल्यावर कुठून पायी जाऊ नये, हे सांगणारे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतील. ज्या गोष्टीवर इथे माणसं जोडली जातात किंवा दुरावतात, तिच्याबद्दल मात्र आपल्यातले लोक फारसं बोलत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

केनिया मनापासून देवाला मानणारा देश आहे. २०१९च्या जनगणनेत ८५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असा नोंदवला. राष्ट्रगीत देवाला हाक मारून सुरू होतं, २०१०च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात परमेश्वराचं श्रेष्ठत्व मान्य केलेलं आहे, आणि त्याच घटनेच्या आठव्या कलमात देशाला अधिकृत धर्म असणार नाही असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. या दोन्ही गोष्टी इथले लोक खऱ्या मानतात. तुमचा देव वेगळा आहे म्हणून कुणी तुम्हाला दूर ठेवणार नाही. मात्र श्रद्धा ही ज्याची त्याने घरात ठेवायची बाब आहे, असं इथे कुणी समजत नाही. ती ऑफिसात असते, मटाटूच्या, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसच्या, काचेवर रंगवलेली असते, बँकेच्या रांगेतल्या गप्पांत असते.

पहिला अनुभव बहुधा ऑफिसातच येईल. बैठक सुरू होण्याआधी कुणीतरी म्हणेल, प्रार्थना करू या. सगळे माना खाली घालतील. तुम्हीही उभे राहा, फोन खिशात ठेवा, शांत राहा. एवढंच अपेक्षित आहे. काही महिन्यांनी तुमच्यावरही पाळी येईल, आज तुम्ही प्रार्थना सांगा म्हणून. तेव्हा अंग चोरू नका. मराठीत दोन वाक्यं म्हणा, सगळ्यांचं भलं होवो, काम नीट पार पडो. लोक मनापासून ‘आमेन’ म्हणतील. ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) असं कुणी अभिवादन केलं तर त्यालाही ‘आमेन’ हेच उत्तर आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: तुम्ही कोणत्या चर्चला जाता? आणि जरा ओळख वाढली की: तुमचं तारण झालं आहे का, म्हणजे येशूला तुम्ही आपला तारणारा मानलं आहे का? आपल्याला हे खासगी वाटतं, काहींना रागही येतो. इथे हा प्रश्न आपल्याकडच्या ‘गाव कुठलं?’ इतका साधा आहे. खरं उत्तर द्या. मी हिंदू आहे, घरी देवपूजा करतो, असं सरळ सांगितलं की समोरच्याला समाधान वाटतं. ‘मी काहीच मानत नाही’ हे उत्तर मात्र लोकांना पचत नाही. तुम्ही खरोखर नास्तिक असाल तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण वाद टाळायचा म्हणून श्रद्धावान माणसाने ते उत्तर देऊ नये. त्याने वाद थांबत नाही, उलट काळजी सुरू होते आणि तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची संख्या वाढते.

तुम्ही वसईचे, नगरचे किंवा गोव्याचे ख्रिस्ती असाल तर लोकांना आधी आश्चर्य वाटेल, कारण भारतीय म्हणजे हिंदू, मुसलमान किंवा शीख अशीच इथली समजूत आहे. खरं तर गोवेकरांचा इथला इतिहास मोठा आहे. स्वातंत्र्यलढ्यातले पिओ गामा पिंटो, ज्यांची २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत हत्या झाली, ते गोवेकर कुटुंबातले. देशाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर आणि आई मासाई. कॅथलिकांसाठी शहराच्या मध्यभागी होली फॅमिली बॅसिलिका आहे, अँग्लिकनांसाठी ऑल सेंट्स कॅथीड्रल. पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, नाव नोंदवलंत की वस्तीतल्या छोट्या गटातही बोलावणं येईल. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून बायबल वाचायचं आणि कोण आजारी आहे, कुणाची फी राहिली आहे ते बघायचं. तिथे जाच. चर्चमधल्या मोठ्या मिस्सेपेक्षा, रविवारच्या उपासनेपेक्षा, तिथेच तुमची माणसं होतील.

पंथांची यादी लांब आहे, ती पाठ करायची गरज नाही. तीन-चार गोष्टी ठाऊक असल्या की पुरे. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम करत नाहीत. किसी आणि दक्षिण न्यान्झाकडचे बरेच सहकारी या पंथाचे असतात, त्यांना शनिवारी कामावर बोलावू नका. पांढरे फेटे बांधलेले स्त्री-पुरुष ढोल वाजवत जाताना दिसले तर ते शीख नव्हेत. ते अकोरिनो, किकुयू समाजात उभ्या राहिलेल्या स्वतंत्र चर्चचे लोक. मिशनऱ्यांपासून वेगळं होऊन आफ्रिकी माणसांनीच काढलेली अशी चर्चेस इथे पुष्कळ आहेत. लुओ समाजातलं लेजिओ मारिया हे त्यांतलंच. पश्चिम केनियात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. १९०२ साली काइमोसीला त्यांचं मिशन सुरू झालं आणि आज जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत.

घर भाड्याने घेण्याआधी ते रविवारी सकाळी आणि शुक्रवारी रात्री बघून या. शुक्रवारी अनेक चर्चमध्ये ‘केशा’ असते, रात्रभराची प्रार्थना. गाणी, साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगणं), लाउडस्पीकर, सगळं पहाटेपर्यंत चालतं. कीर्तनाच्या जागरणात वाढलेल्या माणसाला त्यातला आनंद कळतो, पण लहान मूल झोपवायचं असेल तर खिडकी कुठल्या बाजूला आहे हे आधी पाहावं.

आता घरातली गोष्ट. घरकामाला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी विचारा, तुमचा प्रार्थनेचा वार कोणता? सात दिवसांत एक सुट्टी हा त्यांचा कायद्याने हक्क आहे, ती त्यांच्या वाराला द्या. देवघर आवरायला सांगू नका, ते आपलं आपण करावं. आणि प्रसादाबद्दल विशेष सांगते. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खाऊ नये असं मानणारे ख्रिस्ती इथे खूप आहेत, नव्याने तारण झालेले तर जास्तच. गणपतीत तुम्ही प्रेमाने मोदक पुढे कराल आणि समोरची बाई हात मागे घेईल. तो तुमचा अपमान नसतो, तिच्या देवाशी ती प्रामाणिक राहत असते. नैवेद्य दाखवण्याआधीच थोडं अन्न वेगळं काढून ठेवा आणि तसं सांगून वाढा. आनंदाने खातात. हळदीकुंकवाला शेजारणींना बोलवा, पण कपाळाला बोट लावण्याआधी विचारा. काही जणी आरतीच्या वेळी बाहेर अंगणात थांबतील आणि जेवायला आत येतील, तेही चालवून घ्या.

शाळेत मुलांना धर्मशिक्षण हा विषय असतो. ख्रिस्ती आणि इस्लामी शिक्षणाबरोबर हिंदू धर्मशिक्षणाचाही अभ्यासक्रम इथे आहे, फक्त प्रत्येक शाळेत तो शिकवायला शिक्षक मिळतोच असं नाही. प्रवेश घेताना विचारा. मुलं बायबलमधल्या गोष्टी शिकून आली तर घाबरू नका. इथल्या नामांकित शाळांपैकी अनेक मिशनऱ्यांनी काढल्या, १९२६ सालचं अलायन्स हायस्कूल त्यांपैकी एक. दवाखान्यांचंही तेच. १९१५ साली सुरू झालेल्या किजाबेच्या मिशन रुग्णालयात आजही दूरदूरहून लोक जातात.

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते मयतीबद्दल, कारण तुम्ही इथले झालात की नाही हे तिथेच ठरतं.

सहकाऱ्याचे वडील गेले असं कळलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होईल आणि त्यात एम-पेसाचा (फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेचा) नंबर येईल. आपल्याला वाटतं, एवढ्या दुःखात पैशाचं कसं बोलायचं? इथे पैसे पाठवणं हाच सांत्वनाचा पहिला शब्द आहे. शवागाराचं भाडं, शवपेटी, गावी जाणारी बस, शेकडो लोकांचं जेवण, हा खर्च कुणा एका घराला पेलत नाही. म्हणून ‘हरांबे’ करायचं, सगळ्यांनी मिळून उचलायचं. झेपेल तेवढेच द्या, पण द्या आणि लवकर द्या. नावं वाचून दाखवतात. त्यात दिखावा नसतो, घरच्यांनी कुणाचं ऋण लक्षात ठेवायचं ते त्यातून कळतं.

मग आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस रोज संध्याकाळी प्रार्थनासभा होते. एका तरी सभेला जा. दारात ‘पोले साना’ (फार वाईट वाटलं) म्हणा, बसा, गाणी ऐका. काही बोलायला सुचलं नाही तरी चालतं. दफन बहुतेक वेळा गावी, वडिलोपार्जित जमिनीत होतं. किसुमू, काकामेगा, मेरू कुठेही असो, शुक्रवार-शनिवारी रात्रीच्या प्रवासाने लोक जातात. तुम्ही बॉस असाल तर कुणाला तरी पाठवून भागवू नका, स्वतः जा. बायकांनी लांब स्कर्ट किंवा साडी नेसावी, सोबत एक लेसो, अंगाभोवती गुंडाळायचं सुती कापड, असावा. मांडवात बसल्यावर मृत व्यक्तीचं चरित्र छापलेली पुस्तिका मिळेल. एकेक नातेवाईक उठून बोलेल, मग पाद्री, मग गायकवृंद. उन्हात चार तास सहज जातात. शेवटी मूठभर माती टाकायची असते, तीही टाका.

त्यानंतर जेवण. सुतकाच्या घरात अन्न घेऊ नये, अंघोळ केल्याशिवाय काही खाऊ नये, या आपल्या सवयी आहेत आणि त्या मी जाणते. पण इथे मयताच्या घरी न जेवता निघणं म्हणजे त्या घराचं दुःख नाकारणं. मांस खात नसाल तर भात, बीन्स, कोबी असतातच. चार घास तरी घ्या. अंघोळ घरी येऊन करा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आपल्या घरात असा प्रसंग आला तर उलट अडचण होते. आपण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारिओकोरच्या स्मशानात अंत्यसंस्कार उरकतो आणि केनियन मित्रांना कळेपर्यंत सगळं झालेलं असतं. निरोप घ्यायला मिळाला नाही ही खंत त्यांना फार काळ राहते. म्हणून वेळ आणि जागा लगेच कळवा, आणि तीन-चार दिवसांनी त्यांच्यासाठी एक शोकसभा ठेवा, जिथे त्यांना बोलता येईल आणि प्रार्थना करता येईल. दहनाची इथे पूर्वीइतकी भीती राहिलेली नाही. अँग्लिकन चर्चचे माजी आर्चबिशप मनासेस कुरिया यांचं २००५ साली दहन झालं तेव्हा देशभर वाद झाला. २०११ साली नोबेल विजेत्या वांगारी माथाई यांचंही दहन कारिओकोरलाच झालं. लाकडाच्या पेटीसाठी झाड तोडू नये ही त्यांची इच्छा होती, म्हणून बांबू, पपायरस आणि जलपर्णीची पेटी केली होती.

एक सावधगिरी. ‘बीज पेरा’ म्हणजे आधी पैसे द्या, मग चमत्कार होईल, असं सांगणारे प्रचारक खांबाखांबावरच्या पोस्टरांवर दिसतील. घरकामाच्या बाई, ड्रायव्हर यांची बचत त्यात जाते, आणि ते पाहून जीव तुटतो. २०२३ साली किलिफीतल्या शाकाहोलाच्या जंगलात एका प्रचारकाच्या सांगण्यावरून उपाशी राहून येशूला भेटायचं म्हणून गेलेल्या लोकांचे ४००हून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. त्यांत लहान मुलंही होती. त्या जखमेवर इथे चेष्टा करू नका. त्याच समाजात हिशेब मागणारेही उभे राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबीच्या कॅथलिक आर्चबिशपांनी राष्ट्राध्यक्षांनी एका पॅरिशला दिलेली लाखो शिलिंगांची देणगी नाकारली. जून २०२४च्या करवाढीविरुद्धच्या आंदोलनातल्या तरुणांनीही चर्चमध्ये येऊन पैसे वाटणाऱ्या पुढाऱ्यांना जाब विचारला होता.

मोंबासाला गेलात तर फ्रीरटाउनला जरूर जा. १८७५ साली मुक्त झालेल्या गुलामांसाठी वसलेली ही ख्रिस्ती वसाहत मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रीअर यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे आधी येऊन राहिलेले, शिकलेले आफ्रिकी ख्रिस्ती नाशिकच्या शरणपूरहून आले होते. अरबी गलबतांतून सोडवलेल्या मुलांना मुंबईत आणून शरणपूरच्या मिशनमध्ये वाढवलं गेलं, सुतारकाम, लोहारकाम, वाचन शिकवलं गेलं. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह घेऊन लंडनपर्यंत गेला, १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीत खांदेकरी होता. केनियाच्या किनाऱ्यावर ज्यांनी चर्च उभं केलं त्यांत नाशिकला मोठी झालेली माणसं होती. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्या माणसांनाही हे क्वचितच ठाऊक असतं.

कधीतरी सहकारी रविवारी चर्चला यायचं आमंत्रण देईलच. हो म्हणा. प्रार्थना दोन-तीन तास चालेल, म्हणून नाश्ता करून जा. मांडीवर बाळ असेल तर मागच्या बाकावर बसा, तिथे इतरही आया असतात. टोपली फिरेल तेव्हा त्यात एखादी नोट टाका. कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत मात्र कम्युनियन घेणाऱ्या कॅथलिकांनीच जायचं, तुम्ही कॅथलिक नसाल तर जागेवर बसून राहा. पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला लावतात, तेव्हा स्वाहिलीतली दोन वाक्यं आधीच पाठ करून ठेवा: नाव काय आणि कोणाबरोबर आलात. मग सगळं चर्च हात हलवून तुमचं स्वागत करेल आणि बाहेर पडल्यावर चहा मिळेल.