बॉल दाबा म्हणणारे सगळेच भेटतील: हँड थेरपीत येणाऱ्या नवीन पोरांसाठी

बारावीनंतर फिजिओ घेऊ का, आणि हँड थेरपीवाले (दुखापत किंवा ऑपरेशननंतर हात परत कामाला आणणारे) नक्की करतात काय, हे दर सीझनला कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी कळव्याची, ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून कोपरखैरण्याच्या क्लिनिकला जाते, नऊ वर्षं झाली.

ॲडमिशनचं आधी उरकते. महाराष्ट्रात बीपीटीएचला, म्हणजे फिजिओच्या डिग्रीला, नीट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, नुसत्या बारावीच्या मार्कांवर भागत नाही. माझ्या वेळी चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप होती, पण 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर नियम बदलतायत, त्यामुळे सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा. पास झाल्यावर राज्याच्या कौन्सिलचं, म्हणजे प्रॅक्टिससाठी लागणारं, रजिस्ट्रेशन लगेच करून घ्या.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत हाताची 27 हाडं पाठ करताना जाम कंटाळा येतो. तेव्हा एक करा, डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं हलवा. हालचाल बोटात होते पण आकसतंय कोपराखाली, बोटांत तसे स्नायू नाहीतच, वरून आलेल्या दोऱ्या ओढल्या जातात. कठपुतळीच ती. या दोऱ्या म्हणजे टेंडन, पुस्तकात कंडरा लिहिलेलं असतं पण हा शब्द मी एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. पेशंट म्हणतो शीर कापली नाहीतर नस कापली, आणि त्याला टेंडन म्हणायचंय, नर्व्ह म्हणायचंय की रक्तवाहिनी ते तुम्ही तपासून काढायचं.

नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने मी मशीनच लावत होते. लोकांना फिजिओ म्हणजे शेक देणारे वाटतात, मशीन नाही लावली तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही त्यांना. हळूहळू हाताच्या केसेस यायला लागल्या कारण रबाळे, महापे सगळी एमआयडीसी बाजूलाच, प्रेस मशीनमध्ये बोट गेलं, कटर लागला, हे आमच्याकडे रोजचंच.

आता माझी चूक सांगते. एक दादा होते, पंचविशीतले, पत्र्याने तळहात आणि बोटाचा मधला सांधा यांच्या मधे कापलेलं, तिथले दोन्ही फ्लेक्सर, म्हणजे बोट वाकवणारे, टेंडन शिवलेले. ही जागा झोन दोन, इथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात म्हणून चिकटायची भीती सगळ्यात जास्त. हलवलं नाही तर चिकटतं, जोर लावला तर तुटतं, सगळा खेळ या दोघांच्या मधला. मी गरम पाण्यात थर्मोप्लास्टिक (गरम केलं की मऊ होणारी प्लास्टिकची शीट) मऊ करून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, म्हणजे हात एका ठेवणीत धरून ठेवणारा आधार, बनवली, मनगट आणि बोटं थोडी वाकलेली राहतील अशी, व्यायाम शिकवले, मस्त चाललेलं. जाताना म्हणाले, मॅडम घरी काय करू, मी म्हटलं बोटांचा व्यायाम चालू ठेवा. बस, एवढंच म्हटलं. चौथ्या आठवड्यात आले ते हात पोटाशी धरून. शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की ताकद यायला बॉल दाब, ह्यांनी स्प्लिंट काढून पोराचा स्माइलीवाला बॉल दाबला, आत टक् झालं आणि बोटाचं टोक वाकायचंच बंद. परत ऑपरेशन.

काकांवर राग काढून काय उपयोग, हाताला काहीही झालं की बॉल दाबा हे आपल्याकडे सगळेच सांगतात. शिवलेला टेंडन पहिल्या तीनेक आठवड्यांत सगळ्यात कच्चा असतो, आणि वजन उचलायची कामं साधारण बारा आठवड्यांनंतर, हे मला पाठ होतं, त्यांना कुठून असणार? तेव्हापासून काय करायचं त्याच्याआधी काय करायचं नाही ते सांगते, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेते, सोबत बायको किंवा आई आली असेल तर तिच्याकडूनही.

बाकीच्या केसेस दिसायला सोप्या पण गंमत तीच. कॅच घेताना बोटाच्या टोकाला बॉल लागून टोक लोंबायला लागतं ते मॅलेट, सहा ते आठ आठवडे टोक सलग सरळ ठेवायचं, आंघोळीला काढून एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाथरूममध्ये पडून मनगट मोडलेल्या आज्या प्लास्टरभर हात गळ्यात अडकवून बसतात आणि मग मनगटापेक्षा खांदाच जास्त आखडतो, म्हणून बोटं आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्या काकूंना लसूण सोलणं, पोछा पिळणं कमी करा म्हटलं की त्या हसतात. पण चिमटीत 1 किलोचा जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर साधारण 12 किलो येतो, हे सांगितल्यावर मात्र बऱ्याच जणी जाड मुठीची सुरी घेऊन आल्या. बाळ उचलून उचलून मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखणाऱ्या नव्या आया वेगळ्या, त्यांना बाळाखाली तळवे घालून उचलायला शिकवावं लागतं.

सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर लावाच, आकडे लिहाच, पण वरणभात कालवता येतो का, अंबाडा बांधता येतो का, लोकलचा दांडा धरता येतो का हेही लिहा. ते दादा दुसऱ्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी जेवायला लागले उजव्या हाताने, मूठ मिटली की बोटाचं टोक अजून तळहातापासून दोनेक सेंटिमीटर लांब राहतं, खिशातून सुट्टे पैसे काढताना पडतात.

पैशाचं विचाराल तर माझा पहिला पगार 14 हजार होता, होम व्हिजिट करून भागवलं, आणि सुरुवातीला रडू यायचं हे खरं. थर्मोप्लास्टिकची शीट महाग पडते, आधी कागदावर हात ठेवून पॅटर्न कापा, पेशंटच्या हातावर लावून बघा आणि मगच शीटला कात्री लावा. उरलेले तुकडे फेकू नका, मॅलेटच्या स्प्लिंट त्यातूनच निघतात.