हॉस्पिटलला देणगी द्यायची? आधी पत्र, मग चेक

पावती घ्या, आयकरात वजावट देणारं ८०जी आहे का विचारा, दोन हजारांवर रोख देऊ नका, हे सगळेच सांगतात. वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हे मात्र आयकर रिटर्न भरताना कळतं.

पैसे रुग्णांना, शिक्षणाला की संशोधनाला, ते घरीच ठरवा.

खरी गोची देणगीसोबतच्या पत्रात आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी एका हॉस्पिटलला लाख रुपये दिले आणि लिहिलं, 'स्मरणार्थ कायम निधी'. ऐकायला छान! कायम निधी म्हणजे कॉर्पस. मुद्दल ठेवीत पडून राहतं, खर्च होतं फक्त व्याज. सात टक्क्यांनी वर्षाचे सात हजार. १८४५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनीही एक लाखच दिले होते, पण तो लाख तेव्हाचा.

पुढच्या खेपेला मी दुसरं टोक गाठलं: 'सिंधुदुर्गातल्या, बारा वर्षांखालच्या, रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलासाठीच'. दीड वर्ष पैसे तसेच. शेवटी तिथल्या सोशल वर्कर बाईंचाच फोन आला, "अहो, अट जरा सैल करा की."

आता मी एवढंच लिहितो: 'ही रक्कम कायम निधीत टाकू नये. गरजू रुग्णांची औषधं, तपासण्या, प्रवास व मुक्काम यांवर बारा महिन्यांत खर्च करावी. रुग्ण समाजसेवा विभागानं निवडावा.' दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. शिक्का मिळेपर्यंत चेक खिशात.

'प्रवास व मुक्काम' गाळू नका. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर एकदा नजर टाका: चादर, स्टोव्ह, उशाशी रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. औषधाला सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळूही शकते. जळगावहून आलेल्या माणसानं दोन केमोंच्या मधे राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किती जणांना पुरणार?

शिक्षणासाठी असेल तर नर्सिंगच्या मुलीची फी थेट कॉलेजच्या खात्यात भरा. संशोधनाला एकदाच पन्नास हजार देऊन हात झटकण्यापेक्षा तीन वर्षं थोडे थोडे द्या. संशोधन सहायकाचा पगार दर महिन्याला लागतो. दरवर्षी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, मागा. मागायला लाजू नका, तुमचेच पैसे आहेत.

आणि धर्मादाय हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या पेशंटचं बिल भरायला निघाला असाल तर थांबा. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात. त्यासाठी हॉस्पिटलच्या एकूण बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी असतो. आधी तो मागा. काउंटरवर टोलवाटोलवी झाली तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा.

मार्चअखेरीला जाऊ नका, हिशेब खात्यात कोणी मान वर करत नाही. मी जुलैत जातो, छत्री घेऊन.