गझिबोच्या घड्याळात गेलेले बारा दिवस

रॉस २ (रोबोटचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) शिकताना गझिबोशी (रोबोट कॉम्प्युटरवरच चालवून बघायचा सिम्युलेटर) जोडणी करायची वेळ आली की सगळे ब्रिजची, म्हणजे दोघांमधल्या पुलाची, भीती घालतात. ब्रिज मला एका संध्याकाळी जमला. बारा दिवस खाल्ले ते घड्याळानं.

नोड, टॉपिक, लाँच फाइल तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. गझिबोचे मेसेज वेगळे, रॉसचे वेगळे, मध्ये पॅरामीटर ब्रिज दुभाष्या. त्याला द्यायची ओळ अशी: टॉपिकचं नाव, @, रॉसचा मेसेज प्रकार, मग दिशेचं चिन्ह आणि गझिबोचा प्रकार. चिन्ह @ असेल तर दोन्हीकडून, [ असेल तर गझिबोकडून रॉसकडं, ] असेल तर उलट. वेगाच्या आज्ञेला ], लेझरनं अंतर मोजणाऱ्या लायडरला [. झालं.

आवृत्त्यांची जोडी मात्र मोडू नका. उबुंटू २२.०४ वर रॉसची हंबल आणि गझिबोची फोर्ट्रेस, २४.०४ वर जॅझी आणि हार्मोनिक. गझिबो क्लासिकचा, म्हणजे जुन्या गझिबोचा, सपोर्ट जानेवारी २०२५ मध्ये संपला, त्याचे जुने व्हिडिओ बघून सुरुवात करू नका.

आता माझं. राजारामपुरीतल्या खोलीवर रोबोट गझिबोत पळत होता, लायडरचा टॉपिक यादीत दिसत होता, एको केला की आकडे धडाधड येत होते. आरव्हिझमध्ये, म्हणजे सेन्सरला काय दिसतंय ते चित्रात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मात्र एक ठिपका नाही. टर्मिनलवर एकच ओळ पुन्हा पुन्हा: मेसेज फिल्टर मेसेज टाकून देतोय, कारण त्यावरची वेळ ट्रान्सफॉर्मच्या (रोबोटचा कुठला भाग कुठं आहे ते सांगणारी माहिती) साठ्यातल्या सगळ्या वेळांपेक्षा जुनी आहे. ती ओळ मी नीट वाचलीच नाही. यूआरडीएफ, म्हणजे रोबोटच्या रचनेचं वर्णन, दोनदा नव्यानं लिहिला, उबुंटू पुन्हा टाकलं.

एका सीनियरनं त्याची लाँच फाइल दिली. चालली! का चालली ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या रोबोटला पुन्हा तेच. माझं ठाम मत आहे, जो तुमचा कीबोर्ड ओढून घेऊन दुरुस्त करून देतो त्याच्याकडं शिकायला जाऊ नका. शेजारी बसून "हेडर उघड, काय दिसतंय?" विचारणारा शोधा. हेडर म्हणजे मेसेजवर लिहिलेली वेळ वगैरे माहिती.

बाराव्या रात्री हेडर उघडला. लायडरच्या मेसेजवर वेळ होती २१२ सेकंद. रोबोट किती सरकला ते मोजणाऱ्या माझ्या ओडोमेट्री नोडनं पाठवलेल्या ट्रान्सफॉर्मवर १७२ कोटींच्या वर सेकंद. पहिली वेळ सिम्युलेशन सुरू झाल्यापासूनची, दुसरी १९७० पासूनची, म्हणजे लॅपटॉपची. वडिलांचं उद्यमनगरात लेथ आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "दोन व्हर्नियरचे झिरो वेगळे असले तर दोन्हींची मापं एका ड्रॉइंगवर कशी चढवणार?" तेच झालं होतं.

उपाय: यूज-सिम-टाइम हा, सिम्युलेशनची वेळ वापर असं सांगणारा, पॅरामीटर प्रत्येक नोडला ट्रू. प्रत्येक म्हणजे आरव्हिझलासुद्धा. एकही सुटला तर तोच रडवतो.

इथं अर्धाच उपाय केलात तर अवस्था आधीपेक्षा वाईट होते, म्हणून जरा जास्त बोलतो. मी पॅरामीटर ट्रू केला, पण सिम्युलेशनची वेळ सांगणारा क्लॉक टॉपिक ब्रिज केला नव्हता. मग नोडला वेळ कुठून मिळणार? त्याची वेळ शून्यावरच थांबते. पायथन नोडमधला टायमर त्याच वेळेवर चालतो, त्यामुळं कॉलबॅक, म्हणजे टायमरनं चालवायचं फंक्शन, एकदाही येत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, नोड जिवंत दिसतो आणि काहीच करत नाही. म्हणून लायडरच्याही आधी क्लॉकची ओळ लिहा, दिशा [, गझिबोकडून रॉसकडं. मग रॉसच्या बाजूनं क्लॉक एको करून बघा. आकडा तिथंच अडकलेला असेल तर गझिबो पॉजवर आहे. तो उघडतो तेव्हा थांबलेलाच असतो, प्ले दाबावं लागतं.

लॅबमध्ये सगळे एकाच वायफायवर असाल तर रॉसचा डोमेन आयडी (कुणाचे नोड एकमेकांना दिसतील ते ठरवणारा आकडा) बदलून घ्या. न बदलता तो सगळ्यांचा शून्य असतो, आणि शेजाऱ्याची आज्ञा तुमच्या रोबोटला जाते.

मेकॅनिकलवरून आलेल्या पोरांनो, घाबरू नका. मीही तिथूनच आलोय, सी प्लस प्लस मला आजही जड जातं. त्या रात्री क्लॉकची ओळ घातली, सगळे नोड बंद करून पुन्हा सुरू केले, आणि दीडच्या सुमारास आरव्हिझमध्ये भिंतींच्या कडेनं लाल ठिपक्यांची रांग उमटली. रोबोट वळवला तरी ठिपके भिंतीला चिकटूनच राहिले. मी उठून वडिलांना फोन लावला.