पिसवांचे थेंब लावण्याआधी मांजर कुठे आहे ते पाहा

गोव्यातल्या डिचोलीकडच्या आमच्या घरात कुत्रा बलकांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, झोपतो आणि मांजर त्याच्या पोटाला टेकून. पिसवा दोघांना त्याच होतात. औषध मात्र एक नव्हे. पिसवा मारायला कातडीवर लावायच्या कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, आणि मांजराचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी चष्मा लावून पाकीट वाचा. 'फक्त कुत्र्यांसाठी' असं असेल तर मांजराला एक थेंबही नको. माझं मत विचाराल तर मांजर असलेल्या घरात परमेथ्रिन आणूच नये. अशाच थेंबांतलं दुसरं कीटकनाशक म्हणजे फिप्रोनिल, ते सशाला लावू नका. गोठ्यातलं गोचिडांचं औषध कुत्र्याला चोळायची सवय असेल, तर तीही सोडा.

पिसवा आहेत की नुसती माती? शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवून ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळ्या कणांभोवती तांबूस रंग सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

मग वजन. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, नंतर एकटे, आणि वजाबाकी करा. फिप्रोनिलची 10 किलोपर्यंतच्या कुत्र्याची नळी साधारण 0.67 मिलीची, 20 ते 40 किलोची 2.68 मिलीची. मोठी नळी दोन लहान कुत्र्यांत वाटून पैसे वाचवू नका. पिल्लू 8 आठवड्यांहून लहान असेल, किंवा जनावर गाभण वा आजारी असेल, तर आधी पशुवैद्यांना विचारा.

फिप्रोनिल कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. त्यामुळे लावण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, समुद्रात डुंबणं नको. जून-जुलैत हे कठीण जातं. कुत्र्याला भिजू न देता घरात ठेवता येईल असे दोन दिवस बघावे लागतात.

जागा मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या हाडांमध्ये. दोन्ही अंगठ्यांनी केस फाकवा, कातडीची फिकट रेघ दिसली की नळीचं टोक तिथे टेकवून दाबा. औषध केसांवरून ओघळलं तर वाया गेलं. एकदा मी मांजराला, त्याचंच औषध, जरा खाली लावलं. त्याने मान वळवून चाटलं आणि तोंडाला फेस आला. कडू चवीने सुटलेली लाळ होती, थोड्या वेळाने थांबली. पण तोवर माझा जीव टांगणीला. वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, पोरांना हात लावू देऊ नका, स्वतःचे हात धुवा.

कुत्र्याचं औषध मांजराला लागलंच, तर कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या लिक्विडने लगेच धुवा. पाणी गरम नको. नंतर टॉवेलात गुंडाळून पाकिटासकट पशुवैद्यांकडे. अंग थरथरतंय, कातडी फडफडतेय किंवा झटके येताहेत, तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट निघा.

पिसूची अंडी जनावराच्या अंगावरून गळून गोणपाटात, फरशीच्या फटींत पडतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी झाडून काढा. कोशातल्या पिसवा महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे थेंब लावल्यावरही काही आठवडे नव्या दिसतील. म्हणून घाईने दुसरी नळी फोडू नका. पाकिटावर लिहिलेली मुदत, बहुधा महिन्याची, कालनिर्णयावर खूण करून ठेवा.