परगावचा कामगार ठेवताय? कागद आधी, उचल नंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजोबा तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातून, मागावर बसायला सोलापुरात आले. त्यांना कुणी कागद विचारला नसणार. मी मात्र विचारतो. इथली पोरं मागावर यायला मागत नाहीत, म्हणून बिहार, ओडिशा, नेपाळ, जिथून माणूस मिळेल तिथून घ्यावा लागतो.

परप्रांतीय असला तरी माणूस आपल्याच देशातला, त्याला व्हिसा-बिसा काही नाही. पण नुसतं आधार कार्ड घेऊन भागवू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. कार्डावरचा क्यूआर कोड अधिकृत ॲपमध्ये स्कॅन करा आणि समोर उभ्या माणसाशी फोटो ताडून बघा. गावचा पत्ता आणि घरच्यांचा नंबर लिहून घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. झेरॉक्स काढली की मूळ कागद त्याच्या हातात परत. पळून जाईल म्हणून कार्ड कपाटात कोंडून ठेवणारे मालक आहेत. पळायचा तो पळतोच, वर आपल्यामागे लचांड.

आता उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. ती माणसं आणून देणाऱ्या ठेकेदाराच्या हातात कधीच देऊ नका. मधे किती गळाली ते कळत नाही आणि फेडायची वेळ कामगारावर येते. थेट त्याच्या बँक खात्यात टाका, वहीत त्याची सही घ्या, पगारातून किती कापणार ते त्याच दिवशी ठरवा. ‘फिटल्याशिवाय सोडणार नाही’ असं म्हणालात तर ती वेठबिगारी झाली, आणि 1976 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

दहा किंवा त्याहून जास्त परप्रांतीय असतील तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली सुरक्षा व आरोग्याची कामगार संहिता वाचून घ्या. गावी जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद तिच्यात आहे. ठेकेदार मधे नसला, माणूस आपला आपण आला असला, तरी 18 हजारांपर्यंत पगार असेल तर तो त्यात बसतो. आणि बिहारचे कामगार असतील तर छठपूजेला माग बंद राहणार हे धरूनच ऑर्डरची तारीख द्या.

नेपाळी माणूस ठेवायला आपले लोक उगाच बिचकतात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. त्याच्याकडे नेपाळचा पासपोर्ट किंवा नागरिकतेचं प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्र देवनागरीत असतं, त्यावर फोटो आणि अंगठ्यांचे ठसे असतात. जन्मसाल 2055 दिसलं तर चक्रावू नका, ते विक्रम संवत आहे. म्हणजे इसवी सन 1998-99. कारकुनानं तोच आकडा पीएफच्या फॉर्मात टाकला तर माणूस अजून जन्मायचाच आहे! पीएफसाठी नेपाळी नागरिक भारतीय कामगारासारखाच धरतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आता सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, पण नेपाळ-भूतानच्या नागरिकांचा मालकाला जुन्या पद्धतीनं काढता येतो.

खरी कसरत बाकीच्या परदेशी लोकांची. समजा परदेशातून नवा माग घेतला आणि तो बसवायला कंपनीचा तंत्रज्ञ येणार आहे. पाहुणाच तो, चार दिवसांत जाईल, टुरिस्ट व्हिसावर येऊ दे, असं दलाल म्हणेल. ऐकू नका. पुरवठ्याच्या करारात मशीन बसवून चालू करून देणं असेल तर त्याला आधी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागायचा; 2025 मधल्या बदलानंतर त्यासाठी बिझनेस व्हिसाचाच बी-4 हा वेगळा प्रकार आहे. नुसती चर्चा-पाहणी असेल तर साधा बिझनेस व्हिसा चालतो. आणि कायम नोकरीला परदेशी माणूस ठेवायचा तर त्याचा वर्षाचा पगार 16 लाख 25 हजारांच्या वर लागतो, काही मोजके अपवाद सोडून. आपल्यासारख्या छोट्या कारखान्याचा तो विषयच नाही.

परदेशी तंत्रज्ञाला कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर उतरवलात तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं तुमचं काम. हॉटेलात उतरला तर हॉटेलवाला करतो. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर येऊन 14 दिवसांत त्याची वेगळी नोंदणी लागते, तीही ऑनलाइन होते. 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या जुन्या विदेशी कायद्याच्या जागी नवा कायदा आलाय, तेव्हा कन्सल्टंट जुने फॉर्म पुढे करत असेल तर त्याला तिथंच थांबवा. मशीनची ऑर्डर देतानाच कंपनीला मेलवर विचारून ठेवा: माणूस कोणत्या व्हिसावर पाठवणार? उत्तर लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स सोडू नका.